तुकडी प्राथमिक आरोग्य केंद्रात उतरण्यापूर्वी

इंटर्न आणि बालरोग विभागाचे निवासी डॉक्टर पंधरा दिवसांसाठी गावाकडे पाठवायचे असतील, तर तयारीला आठवडाभर आधी लागावे आणि सर्वांत आधी वजनकाटे तपासावेत. टांगत्या काट्याला पाच किलोचे माप लावून पाहावे, झोळी अडकवून काटा शून्यावर आणावा आणि हे रोज सकाळी कोणी करायचे तेही ठरवून द्यावे. मागच्या हिवाळ्यात आमच्या तुकडीने अर्धा दिवस बाळांची वजने स्वेटर आणि चांदीच्या वाळ्यांसकट घेतली. दोनशे ग्रॅमची ही चूक दहा किलोच्या मुलात खपून जाते, दोन किलोच्या बाळात मात्र निर्णयच बदलतो.

दंडघेराची पट्टी प्रत्येकाच्या खिशात असावी. सहा ते ५९ महिन्यांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पावलांवर दाबल्यावर खळगा राहिला, तर ते तीव्र कुपोषण होय, हे निघण्यापूर्वीच पक्के करून घ्यावे.

सर्वाधिक सराव श्वास मोजण्याचा हवा. मूल आईच्या मांडीवर शांत असावे, दूध पीत नसावे, झबले वर सरकवलेले असावे आणि मोजणी पूर्ण एक मिनिट चालावी. तान्ह्या बाळाचा श्वास अनियमित असल्याने तीस सेकंद मोजून दुप्पट करणे मी चालवून घेत नाही. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५० आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. मोबाइल दिसताच मूल त्याकडे झेपावते, म्हणून सेकंदकाट्याचे घड्याळ सोबत न्यावे.

गडचिरोलीकडे आई ‘न्यूमोनिया’ म्हणणार नाही, ‘डब्बा झाला’ म्हणेल; असे शब्द आशाताईंकडून आधीच लिहून घ्यावेत. मेळघाटात जायचे असल्यास कोरकू जाणणारी व्यक्ती ठरवून ठेवावी. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची विद्राव्यता चाचणी सोबत असावी, परंतु सहा महिन्यांच्या आतील बाळात ती फसवी ठरते, हे बजावून सांगावे. ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात कालवण्याचे काम विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. गावात लिटरचे भांडे शोधताना त्यांची तारांबळ उडते.

निंदणाच्या दिवसांत बाया सकाळीच शेतात जातात, तेव्हा गृहभेटी संध्याकाळी ठेवाव्यात. राहण्या-जेवणाची सोय अर्थातच आधी पाहावी.

शेवटी, प्रत्येकाला एक नवजात बाळ नेमून द्यावे. आशाताईंच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. पैकी पहिल्या तीन या मुक्कामात बसू शकतात. त्यासाठी पहिल्या दोन दिवसांत अपेक्षित असलेल्या प्रसूतींची यादी आधीच मागवावी, आणि तारखा मागेपुढे होतात म्हणून आठवडाभर अलीकडची-पलीकडची नावेही घ्यावीत.