मन उतरलेलं असताना: आधी कृती, मग उत्साह

सौम्य नैराश्यात 'बरं वाटलं की करेन' इथेच गाडी अडते. उत्साह बहुधा कृतीमागून येतो. म्हणून काम अगदी लहान ठेवा: 5 मिनिटं चालणं, दोनच भांडी घासणं. ते वेळेसकट कागदावर लिहा आणि करण्याआधी व नंतर मनाला 0 ते 10 गुण द्या. 'काहीच फरक पडत नाही' हे खरं आहे का, ते तिथेच कळतं; माझ्या मते हीच सर्वांत उपयोगी पायरी. पहिल्याच दिवशी तासभर व्यायाम ठरवला की बिनसतं, कारण तो चुकला की अपराधीपणाची भर पडते.

सकाळी 20-30 मिनिटं बाहेर उजेडात काढा, उठण्याची वेळ रविवारीही तीच. दारू टाळाच, झोप मोडते.

दोन आठवड्यांत उतार नसेल तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटला तर मात्र थांबू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर लगेच फोन लावा. तिथे मराठीतही बोलता येतं.