मिशन संपलं, कंपनी चालू: इंदूरच्या स्मार्ट सिटी कंपनीचं वाढतं काम कागदावर कसं तपासायचं

स्मार्ट सिटी मिशन 25 जून 2015 ला सुरू झालं, पाच वर्षांसाठी. मुदतवाढी घेत घेत ते 31 मार्च 2025 ला एकदाचं आटोपलं. त्यासाठी इंदूरला काढलेली कंपनी मात्र कंपनी कायद्याखालची, निम्मे भाग राज्याचे, निम्मे महापालिकेचे. योजना संपली म्हणून अशी कंपनी आपोआप गुंडाळली जात नाही. उलट 2025 मध्येच केंद्राने या कंपन्यांना सल्लागारी, तांत्रिक मदत, गुंतवणूक आणणं अशी कामं सुचवली. तेव्हा नवं काम दिसलं की लगेच ‘बेकायदा’ म्हणून ओरडू नका. ते कुणाच्या ठरावावर आणि कुणाच्या पैशावर चाललंय, ते बघा.

सुरुवात उद्देशकलमापासून, म्हणजे कंपनी कशासाठी काढली ते सांगणाऱ्या कलमापासून. कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरले की त्या कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं तीन तास बघता येतात. वाचत बसू नका, आधी सगळं डाउनलोड करून घ्या. हे कलम कंपनीच्या मूळ दस्तऐवजात, म्हणजे मेमोरँडममध्ये असतं. स्थापनेच्या वेळचं मेमोरँडम आणि आत्ताचं, दोन्ही शेजारी ठेवून शब्दन्‌शब्द ताडा. उद्देश बदलायचा तर विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधाच्या किमान तिप्पट मतं, आणि तो एमजीटी-14 फॉर्मवर नोंदवावा लागतो. भाग निम्मे-निम्मे असल्यामुळे महापालिकेने विरोधात मत दिलं तर तो मंजूरच होऊ शकत नाही. म्हणून महापालिकेच्या प्रतिनिधीने कुठल्या अधिकारात मत दिलं, त्याचा कागद मागा. पुष्कळदा बदल सापडतच नाही, कारण कलम मुळातच ऐसपैस लिहिलेलं असतं. अशा वेळी संचालक मंडळाची इतिवृत्तं हाच आधार.

मग पैसा. मिशनच्या निधीतला 5 टक्के भाग राज्य आणि शहराच्या प्रशासकीय खर्चासाठी होता. तो आटल्यावर पगार कशातून निघतात, यातच बहुतेक विस्ताराचं मूळ असतं: पार्किंग, भाडी, जमीन, दुसऱ्या खात्यांची कामं. त्याच पोर्टलवर एओसी-4 या फॉर्मसोबत दाखल होणारे 2023-24 आणि 2025-26 चे वार्षिक हिशेब घ्या, म्हणजे मिशन चालू असतानाचा आणि संपल्यानंतरचा. दुसरा 2026 च्या सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेनंतर महिन्याभरात यायला हवा, त्याआधी शोधून उपयोग नाही. ‘इतर उत्पन्न’ बघून हुरळू नका, त्यात न खर्चलेल्या अनुदानावरचं व्याज असू शकतं. हिशेबाला जोडलेली त्या आकड्याची टीप उघडा.

यात न मिळालेलं माहितीच्या अधिकारात मागा. अर्ज हिंदीत लिहा, कारण कायद्याला हिंदी, इंग्रजी किंवा त्या भागाची राजभाषा चालते आणि मध्य प्रदेशात मराठी त्यात बसत नाही. फी दहा रुपये, रोख किंवा नॉन-ज्युडिशियल स्टँपने. ‘कंपनी अजून का चालू आहे?’ असं विचारलंत तर अर्ज वाया गेलाच समजा. ‘का’चं उत्तर द्यायला अधिकारी बांधील नाही. असं लिहा:

“दिनांक 01.04.2025 के पश्चात संचालक मंडल द्वारा स्वीकृत नवीन कार्यों की सूची, संबंधित संकल्प एवं कार्यादेशों की प्रमाणित प्रति प्रदान करें।”

दुसऱ्या प्रश्नात महापालिकेकडे हस्तांतरित झालेल्या आणि न झालेल्या मालमत्तांची यादी मागा. दहा वर्षांच्या सगळ्या फायली मात्र मागू नका. ‘फार मनुष्यबळ लागेल’ म्हणून माहिती अधिकार कायद्याचं कलम 7(9) पुढे करतात. तेवढं हवंच असेल तर प्रत्यक्ष फाइल-निरीक्षण मागा.

कागद आले की तीन ढीग करा: बांधलेल्याची देखभाल, हस्तांतर, निखळ नवं. देखभालीवर वाद घालण्यात अर्थ नाही. कमांड सेंटर, म्हणजे शहराचा नियंत्रण कक्ष, कुणीतरी चालवायलाच हवं. पण हस्तांतराचा ढीग रिकामा आणि नव्याचा फुगलेला असेल, तर पुढचा अर्ज त्यावरच.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, फी पन्नास रुपये. दुसरं अपील भोपाळच्या राज्य माहिती आयोगाकडे, नव्वद दिवसांत, शंभर रुपये. ‘व्यावसायिक गुपित’ म्हणून त्याच कायद्याचं कलम 8(1)(घ) लावून नकार आला, तर काम आधीच दिलं गेलंय, पैसा सार्वजनिक आहे आणि व्यापक जनहित असेल तर माहिती देण्याची मुभा त्याच कलमात आहे, हे तिन्ही मुद्दे अपिलात मांडा.