झिजलेल्या फ्लाइट कंट्रोलची एडी तपासणी: या चुका टाळा

गेल्या महिन्यात पुन्हा तीच नोंद वाचली. "एडीप्रमाणे ट्रिम टॅबची तपासणी केली, समाधानकारक." खाली सही, तारीख, लायसन्स नंबर. प्ले (जोडणीतला सैलपणा) किती होता, मर्यादा किती होती, कशाने मोजला, काहीच नाही. अशा नोंदी मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की आता शांत बसवत नाही. हे लिहितोय ते नव्याने हँगरमध्ये उभं राहणाऱ्या मुलामुलींसाठी. छोट्या विमानाचे जे मालक "साधी तपासणी आहे, संध्याकाळपर्यंत द्या" असं म्हणतात, त्यांनीही वाचावं.

एडी म्हणजे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, नियामकाचा आदेश. कुठल्यातरी विमानात एखादा भाग झिजलेला, तडकलेला किंवा निसटलेला सापडतो. तोच भाग असलेल्या बाकीच्या विमानांतही तसंच होऊ शकतं असं दिसलं की आदेश निघतो. म्हणजे एडी हातात येते तेव्हा तो धोका कुणाच्या तरी विमानात प्रत्यक्ष दिसून गेलेला असतो, कधीकधी अपघातातच. कंपनीचं सर्व्हिस बुलेटिन ही शिफारस असते. एडीने त्याचा हवाला दिला की ते कायद्याने बंधनकारक होतं. हा फरक माहीत नसलेली माणसं अजूनही भेटतात.

हाताने हलवून "ठीक आहे" म्हणणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

ट्रिम टॅब म्हणजे एलिव्हेटरच्या, म्हणजे विमानाचं नाक वरखाली करणाऱ्या शेपटावरच्या हलत्या भागाच्या, मागच्या कडेला असलेली छोटी पट्टी. तिच्या जोडणीतला बोल्ट, बुश (बोल्टभोवतीची नळी) किंवा अॅक्च्युएटर (टॅब हलवणारं यंत्र) झिजला की ती सैल होते. उभ्या विमानात ती बोटाने थोडी हलते एवढंच दिसतं. हवेत वेग वाढला की तीच सैल पट्टी फडफडायला लागते, आणि प्रत्येक फडफडीबरोबर हवेतून आणखी ऊर्जा ओढून घेते. यालाच फ्लटर म्हणतात. तो वाढायला लागला की वैमानिकाला काही सुचायच्या आत शेपटाचे भाग तुटू शकतात. म्हणून एडी "टॅब सैल आहे का ते बघा" एवढ्यावर थांबत नाही. किती हलते ते मोजायला सांगते आणि मर्यादाही देते. बोटांना झीज मोजता येत नाही. माझ्याही येत नाही, इतकी वर्षं काम करूनसुद्धा.

एकदा प्रशिक्षणाच्या विमानावर ही तपासणी चालू होती. सकाळी पहिल्या खेपेला विमान हवं होतं, त्यामुळे सगळे घाईत. काम करणारा मुलगा हुशार आणि हात चांगला असलेला. त्याने तीन वेळा मोजलं, तीन वेगळे आकडे आले, तिन्ही मर्यादेच्या आत. त्याने सगळ्यात लहान आकडा लिहिला. मी विचारलं, "अरे, तीनदा वेगळं का आलं?" तो म्हणाला, "सर, थोडं इकडेतिकडे होतंच ना."

मी त्याला पुन्हा मांडणी करायला लावली आणि शेजारी उभा राहिलो. डायल गेजचा (सुईने बारीक हालचाल मोजणाऱ्या उपकरणाचा) बेस चुंबकाचा, आणि विमानाची कातडी अॅल्युमिनियमची. तिथे चुंबक चिकटत नाही, म्हणून त्याने गेज शिडीच्या पायरीवर लोखंडी पट्टी बांधून लावलं होतं. त्याच शिडीवर तो स्वतः उभा होता. तो जरा कलला की सुई हलायची. एलिव्हेटर लॉक केलेलाच नव्हता, मित्राने हाताने धरला होता. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. टॅबची मागची कड पातळ असल्यामुळे गेजचं टोक घसरत होतं, म्हणून त्याने ते दोन बोटं आत, सपाट जागेवर घेतलं होतं. हिंजच्या जवळ गेलं की तेवढ्याच सैलपणाला आकडा लहान येतो. दाराची कडी आणि दाराचा बिजागरीजवळचा भाग सारखा हलत नाही, तसंच.

आम्ही एलिव्हेटर न्यूट्रलला, म्हणजे मधल्या स्थितीत, पक्का केला. गेज जमिनीवर ठेवलेल्या जड स्टँडवर घेतलं. पुस्तकात सांगितलेल्या जागी, कडेजवळ टोक टेकवलं. वर आणि खाली सांगितलेल्या जोरानेच दाबलं. आकडा मर्यादेच्या दीडपट आला. दुसऱ्यांदा तेवढाच, तिसऱ्यांदाही तेवढाच.

जोडणी उघडली. बोल्ट वरून चकचकीत, नवा वाटावा असा. पण नख फिरवलं तर मधोमध अडकत होतं. जिथे बुश बसतो तिथे धातू खाल्ला गेला होता आणि त्याची पायरी तयार झाली होती. मुलाने स्वतःचं नख फिरवून पाहिलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. बोल्ट आणि बुश बदलल्यावर प्ले मर्यादेत आला. सकाळची खेप रद्द झाली, आणि ते योग्यच होतं.

तेव्हापासून माझी सवय अशी: तीनदा मोजायचं, तिन्ही आकडे लिहायचे आणि निर्णय सगळ्यात वाईट आकड्यावर घ्यायचा. आकड्यांत फरक जास्त असेल तर तिन्ही खोडायचे आणि मांडणी पुन्हा करायची, कारण तेव्हा झीज मोजली जात नसते, शिडी मोजली जात असते.

आवडता आकडा येईपर्यंत मोजत राहणं

३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचं फ्लाइट २६१, एमडी-८३ जातीचं विमान, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. विमानातले सर्व ८८ जण गेले. शेपटावरचा आडवा पंख ज्या जॅकस्क्रूवर वरखाली होतो, त्याच्या नटाचे आटे पूर्ण झिजून निघून गेले होते. नट स्क्रूपेक्षा मऊ धातूचा असतो, म्हणजे झिजायचं ते नटाने, हे डिझाइनमध्येच धरलेलं असतं. किती झिजला हे कळण्यासाठी एंड प्ले मोजायचा, म्हणजे नट स्क्रूवर किती वरखाली सरकतो ते.

त्याच विमानाच्या १९९७ मधल्या मोठ्या तपासणीत एंड प्ले ०.०४० इंच आला होता. कमाल मर्यादा नेमकी तेवढीच होती. आधी नट बदलायचा असं ठरलं. मग पुन्हा मोजलं, ०.०३३ आला, पुढच्या मापांतही तसाच आला, आणि विमान सेवेत परत गेलं. तपासात पुढे आलं की मोजण्यासाठी वापरलेलं फिक्स्चर (भाग धरून ठेवायचं साधन) एअरलाइनने स्वतः बनवलेलं होतं आणि निर्मात्याच्या मापाबरहुकूम नव्हतं. मूळ कारण ग्रीसचं अपुरं काम हे ठरलं. ग्रीस लावण्यातलं आणि एंड प्ले तपासण्यातलं अंतर वाढवत नेलं होतं, तेही मंजुरी घेऊन.

०.०४० इंच म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. ०.०४० आणि ०.०३३ यांतला फरक हातातल्या कागदाच्या दोन पानांएवढा. पहिलं माप चुकलं की दुसरं, याचं उत्तर शोधायला हवं होतं. मोजणारी माणसं वाईट होती असं मी मानत नाही. विमान बाहेर काढायचं असतं तेव्हा मन आपोआप सोयीच्या आकड्याकडे वळतं. म्हणून नियम आधीच ठरवून ठेवायचा: माप दोनदा वेगळं आलं तर वाईट माप खरं धरायचं, आणि ते खोटं असल्याचं सिद्ध होईपर्यंत विमान जागचं हलवायचं नाही.

अपघातानंतर निघालेल्या एडीने जॅकस्क्रूला दर ६५० उड्डाण तासांनी ग्रीस आणि दर २,००० तासांनी एंड प्लेचं मोजमाप बंधनकारक केलं.

ग्रीसवरूनच आणखी एक. त्या विमानात नटाच्या ग्रीस निपलमागची वाट वाळलेल्या ग्रीसने बुजलेली सापडली. ज्याने शेवटचं ग्रीस लावलं त्याने कामाला साधारण तासभर लागल्याचं सांगितलं. निर्मात्याच्या अंदाजाने तेच काम चार तासांचं होतं. निपलला गन लावून दोन दट्टे मारले म्हणजे ग्रीस लागलं असं नसतं. जुनं काळं ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर आलं पाहिजे आणि त्याच्या मागून नवं दिसलं पाहिजे. येत नसेल तर वाट बंद आहे. निपल काढा, साफ करा, पुन्हा भरा. आणि बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाकायच्या आधी बोटांत चोळून बघा. चमचमते कण लागले तर तीच झीज आहे.

एडी विमानाला लागू की भागाला?

नवी मुलं एडीवर विमानाचं मॉडेल आणि सीरियल नंबर बघतात, आपलं यादीत नाही म्हणून "लागू नाही" लिहून मोकळी होतात. पण बऱ्याच एडी भागाच्या पार्ट नंबरवर असतात. मधल्या काळात तुमच्या विमानावर दुसऱ्या विमानाचा अॅक्च्युएटर चढला असेल, तर एडी त्याच्याबरोबर चालत आली. मी लॉगबुकवर विसंबत नाही, टॉर्च घेऊन भागावरचा नंबर वाचतो. रंगाखाली दबला असेल तर रंग पुसून वाचतो.

मुदत वाचतानाही असंच होतं. "१०० तास किंवा १२ महिने, जे आधी येईल ते" यातलं शेवटचं वाक्य लोक गिळून टाकतात. कमी उडणाऱ्या विमानाचे तास भरत नाहीत, पण महिने भरतात, आणि उभ्या विमानात गंज जास्त धरतो. एडी बदलून नवी आली आहे का, तपासणी एकदाच आहे की पुन्हा पुन्हा, नवा सुधारित भाग बसवला तर ती कायमची संपते का, हे सगळं त्याच कागदात लिहिलेलं असतं. पूर्ण वाचायला चहा संपण्याइतका वेळ लागतो.

केबल नुसती बघणं

केबल जिथे दिसते तिथे ती सहसा चांगलीच असते. तुटतात ते पुलीवर वळणाऱ्या आणि फेअरलीडमधून (केबलला सरळ वाट देणाऱ्या मार्गदर्शकातून) जाणाऱ्या भागातले तार. कंट्रोल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेल्याशिवाय तो भाग पुलीवरून बाहेर येतच नाही. सुती फडकं केबलभोवती धरून पूर्ण लांबी ओढा. धागा अडकला तिथे तार तुटलेला आहे. उघड्या हाताने करू नका, तुटलेला तार सुईसारखा बोटात घुसतो. संशय असेल तर ताण काढून केबल हलकी वाकवा. आतून तुटलेले तार सरळ केबलमध्ये दिसत नाहीत, वाकवल्यावर टोकं वर येतात. टर्नबकलच्या (केबलचा ताण कमीजास्त करणाऱ्या फिरत्या जोडाच्या) टोकांवरचा गंज आरसा धरून बघा.

थोडक्यात बाकीच्या

स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालायची दुमडती पिन) पुन्हा वापरू नका, कितीही सरळ निघाली तरी.

जो बोल्ट फिरतो त्याला नायलॉनचा नट चालत नाही. तिथे खाचांचा नट आणि स्प्लिट पिनच लागते.

टर्नबकलच्या बाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत.

मर्यादा इंचात आणि गेज मिलिमीटरमध्ये असेल तर गुणाकार कागदावर करा आणि दुसऱ्याला तपासायला द्या.

कंट्रोल सरफेसला (एलिव्हेटरसारख्या हलत्या भागाला) नवा रंग दिला की त्याचं बॅलन्स बिघडतं. प्ले मर्यादेत असूनही फ्लटरला वाट मिळते, म्हणून रंगानंतर बॅलन्स तपासणं टाळू नका.

मर्यादेबाहेर भाग सापडला तर "फक्त एवढी एक खेप" हा विषय काढूच नका. विमान दुरुस्तीच्या ठिकाणी न्यायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी मागावी लागते, आणि एडीमध्ये त्यालाही मनाई असू शकते.

बंद करताना

८ जानेवारी २००३ रोजी शार्लटहून निघालेलं एअर मिडवेस्टचं बीच १९००डी विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं, २१ जण गेले. थोडेच दिवस आधी एलिव्हेटरच्या केबलचा ताण लावला होता. त्या कामातल्या काही पायऱ्या गाळल्या गेल्या, टर्नबकल चुकीचे बसले, आणि नाक खाली करायला एलिव्हेटर निम्म्याच्या आसपासच जात होता. विमानाचा भार आणि त्याचा समतोलही मर्यादेबाहेर होता. काम संपल्यावर एलिव्हेटर दोन्ही टोकांपर्यंत नेऊन मोजला असता तर ते जमिनीवरच दिसलं असतं.

म्हणून तपासणीसाठी काहीही उघडलं असेल, एखादा बोल्टसुद्धा, तर शेवटी दोन माणसं लागतात. दुसरा माणूस ते काम न केलेला असावा. मी कॉकपिटमध्ये बसतो, तो मागे शेपटाशी उभा राहतो. मी काय हलवतोय ते त्याला सांगत नाही. काय हललं, कुठल्या दिशेला आणि थांब्यापर्यंत गेलं का, हे त्याने ओरडून सांगायचं. आकडे प्रोट्रॅक्टरवर (कोनमापकावर) वाचून लिहायचे. मग जागा बदलायची आणि पुन्हा करायचं. दोघांचे आकडे एकाच पानावर, एकाखाली एक लिहून झाले की मगच इन्स्पेक्शन पॅनलचे स्क्रू हातात घ्यायचे.