आयबीएसचं पथ्य सुटतं ते या चुकांमुळे

"सगळं सोडून पाहिलं, काही फरक नाही." आयबीएस, म्हणजे वरचेवर पोट बिघडवणारा आतड्याचा विकार, असलेल्यांकडून हे ऐकून माझे कान किटलेत. सगळं म्हणजे काय, असं विचारावं तर कळतं की भाजीतला कांदा ताटाच्या कडेला काढून ठेवत होते.

कांद्यालसणातलं फ्रुक्टान, म्हणजे न पचता आतड्यात वायू करणारी एक साखर, पाण्यात विरघळतं. फोडी वेचून काय उपयोग, ते रश्श्यात कधीच उतरलेलं असतं. मला हे कटाच्या आमटीनं शिकवलं. होळीला माहेरी गेले होते. पुरणपोळीला हात लावला नाही, मोठ्या ऐटीत. भातावर आमटी मात्र तीन वाट्या. डाळ कुठे खाल्ली, नुसता कट तर होता! हरभऱ्याच्या डाळीतली न पचणारी साखर शिजताना त्याच पाण्यात उतरते, हे तेव्हा कुठलं माहीत? संध्याकाळी परतीच्या एसटीत पोटाचा नगारा झाला आणि कंडक्टरच्या विनवण्या करून मध्येच उतरले. राग काढला पथ्यावर. पुढचे दोन आठवडे वाट्टेल ते खाल्लं.

पथ्य मोडतं ते असं. जिभेपेक्षा "एवढं करूनही त्रास झालाच" हा वैताग जास्त घात करतो. म्हणून मी वही ठेवते: काय खाल्लं, किती, पोट किती वाजता बिघडलं. त्रास कधीकधी दुसऱ्या दिवशी होतो आणि आळ येतो सकाळच्या बिचाऱ्या पोह्यांवर.

आणि चव सोडू नका. फ्रुक्टान तेलात उतरत नाही. लसणाच्या पाकळ्या तेलात परतायच्या, पाणी घालायच्या आधी काढून टाकायच्या, त्याच तेलात फोडणी. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग. आमच्याकडे चातुर्मासात चार महिने कांदालसूण घरात येत नसे, पण जेवण कधी अळणी लागल्याचं आठवत नाही.

दुसरी चूक उत्साही लोकांची. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी हा लो फॉडमॅप आहार, म्हणजे अशा नीट न पचणाऱ्या साखरा कमी करायचं पथ्य, बसवला, त्यात कडक पथ्याचा टप्पा 2 ते 6 आठवड्यांचाच आहे. मी सात महिने भात, ज्वारीची भाकरी आणि दुधीवर काढले. बरं वाटतंय तर कशाला छेडा! लग्नकार्याला जाणं बंद, घरात चिडचिड. खरं तर कडक टप्प्यानंतर एकेक पदार्थ परत आणून बघायचा असतो. दूध असेल तर पहिल्या दिवशी पाव कप, मग अर्धा, मग एक, आणि त्या दिवसांत दुसरं काहीही नवीन नाही. मला अर्धा कप चालतं. हे कळल्यावर सकाळचा चहा परत मिळाला. ज्यांना आठवड्यात निकाल हवा त्यांनी या वाटेला जाऊच नये.

बाकी किरकोळ. इसबगोल पहिल्याच दिवशी दोन चमचे ढोसू नका, थोड्यापासून वाढवा, पाणी भरपूर प्या. शुगर-फ्री च्युइंगगममध्ये बहुतेकदा सॉर्बिटॉल असतं, तेही पोट फुगवतं. गणपतीच्या आठवड्यात पथ्य सुरू करणाऱ्याला मी हात जोडते. घरच्यांना वेगळा स्वयंपाक सांगू नका, आपला वाटा कांदा पडण्याआधी काढून घ्या.

शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब यांवर पथ्याचे प्रयोग नकोत, आधी डॉक्टर. सीलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणीही गहू चालू असतानाच करून घ्या. गहू सोडल्यावर केली तर आजार असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते.