विमानाचा सेल का लागतो, कुठं लागतो आणि कोल्हापूरकरांनी तो कसा गाठायचा

परवा आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एकानं विमानाच्या सेलची जाहिरात टाकली, तिकीट पंधराशेपासनं पुढं वगैरे, आणि दोन मिनिटांत खाली प्रश्न आला, "ह्यात कोल्हापूर-मुंबई हाय काय?" नव्हतं. बहुतेक वेळा नसतंच. मग नेहमीचं सुरू झालं, कोल्हापूरवर अन्याय, आपल्याला कोण विचारत नाही. अन्याय बिन्याय काही नाही हो, सेल का लागतो हे एकदा डोक्यात बसलं की तो आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावर का येत नाही आणि मग आपण तो कुठं जाऊन पकडायचा हे आपोआप कळतंय. तेवढंच लिहितोय, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, विमानाची सीट हा नासका माल आहे. विमान उडालं की रिकामी सीट गेली ती गेली, उद्या विकता येत नाही. आणि विमानात १२० माणसं बसली काय किंवा १८० बसली काय, पायलटचा पगार, विमानाचं भाडं, उतरायचे चार्जेस तेच, इंधनही थोडंच जास्त लागतं (आपल्याकडं कंपनीच्या खर्चात इंधनाचाच वाटा ४० टक्क्यांच्या आसपास जातो, ते महाग झालं की सगळ्यांची बोंब). म्हणजे शेवटच्या साठ माणसांकडनं जे मिळेल ते जवळजवळ सगळं वरकमाईच.

आता तुम्ही म्हणाल हे तर कपिलतीर्थ मार्केटातल्या भाजीवालीसारखंच झालं, संध्याकाळी कोथिंबीर उरली की दहाला दोन जुड्या. इथंच बहुतेक लोक फसतात! भाजीवाली शेवटी स्वस्त करते, विमानवाला आधी स्वस्त करतो आणि शेवटी महाग. कारण शेवटच्या दोन दिवसांत तिकीट काढणारा माणूस कोण असतो, तर ज्याची उद्या मीटिंग आहे, कोर्टाची तारीख आहे, घरात कुणी आजारी आहे. तो कितीही देतो. आणि चार महिने आधी काढणारा कोण, तर आपण, ज्याला दोनशे रुपये जास्त दिसले की "जाऊ दे, महालक्ष्मी एक्सप्रेसनं जाऊया" म्हणायचं असतंय. म्हणून एकाच विमानातल्या १८६ सीटा दहा-बारा वेगवेगळ्या दरांच्या टप्प्यांत वाटलेल्या असतात. सेल म्हणजे सगळ्यात खालचा टप्पा थोड्या सीटांसाठी उघडणं, बाकी विमान त्याच दरानं चाललंय.

हा खालचा टप्पा उघडायची गरज कुठं पडते, तर जिथं भांडण आहे तिथं. मुंबई-दिल्ली घ्या, पुणे-दिल्ली घ्या, बेंगळुरू-गोवा घ्या, एकाच दिवशी दोन-चार कंपन्यांची बरीच विमानं, आणि गिऱ्हाईक मोबाईलवर कमी दरापासनं वर अशी यादी लावून बघतंय, त्याला कंपनीच्या नावाशी काही देणंघेणं नाही. एकानं शंभर कमी केले की गर्दी तिकडं वळली, म्हणून दुसरा काही तासांत तोच दर लावतो. शेजारशेजारच्या दोन मिसळवाल्यांसारखं, एकानं जादा पाव फुकट दिला की दुसऱ्याला द्यावाच लागतो, गिऱ्हाईक वाढत नाही पण न दिलं तर जातंय. नवीन कंपनी आली की हे हमखास होतं. २००५ ला स्पाइसजेट सुरू झाली तेव्हा ९९ रुपयांची तिकिटं काढली होती, २०१४ ला एअरएशिया इंडिया बेंगळुरू-गोवा ९९० ला घेऊन आली, आणि एअर डेक्कनची एक रुपयाची तिकिटं, ती तर आमच्या घरात अजून गोष्टीसारखी सांगतात. नव्याला नाव करायचं असतं, जुन्याला गिऱ्हाईक सोडायचं नसतं, मधल्या मधे आपलं फावतं.

जुनी कंपनी नव्याला कशी झोपवते याचा गाजलेला किस्सा अमेरिकेतला आहे. पीपल एक्सप्रेस नावाची स्वस्तातली कंपनी जोरात होती, १९८५ ला अमेरिकन एअरलाइन्सनं तिच्याएवढेच खालचे दर लावले, पण फक्त आधी बुक करणाऱ्यांना आणि अटी घालून. घाईच्या गिऱ्हाइकाकडनं पूर्ण दर घेणं चालूच ठेवलं. दोनेक वर्षांत पीपल एक्सप्रेसचं नाव संपलं. आज सेलच्या तिकिटावर ज्या अटी बघून आपण चिडतो, ठरावीक दिवस आधी काढा, रद्द केलं तर परत काही नाही, बदल केला तर चार्ज, त्या त्याच जातीच्या. श्रीमंत गिऱ्हाइकानं स्वस्त दारातनं आत येऊ नये म्हणून घातलेलं ते कुंपण आहे.

अजून एक कारण, आणि हे ध्यानात ठेवाच. सेलमध्ये तुम्ही पैसे आज देता आणि प्रवास चार-सहा महिन्यांनी करता. म्हणजे कंपनीला बिनव्याजी पैसा मिळाला. मंदीच्या दिवसांत हे औषध आहे, पण कधीकधी आजारपणाची खूणही असते. एप्रिल २०१४ ला स्पाइसजेटनं एक रुपया मूळ भाड्याचा सेल काढला, विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएनं तो थांबवायला लावला. त्याच वर्षी डिसेंबरात तेल कंपन्यांनी उधारी बंद केली आणि त्यांची विमानं काही तास जमिनीवर उभी राहिली, महिन्याच्या पुढचं बुकिंग घेऊ नका असंही डीजीसीएनं सांगितलं होतं. ती कंपनी तेव्हा सावरली. पण किंगफिशर २०१२ ला, जेट एअरवेज २०१९ ला आणि गो फर्स्ट मे २०२३ ला बसली आणि पुढची तिकिटं काढलेल्यांचे पैसे अडकले. म्हणून कंपनीच्या पगाराच्या, विमानं परत नेण्याच्या बातम्या येत असतील तर तिच्या सेलमध्ये आठ महिने पुढचं तिकीट काढू नका, आणि काढलंच तर क्रेडिट कार्डानं काढा, निदान बँकेकडं तक्रार तरी टाकता येते.

आता आपल्या कोल्हापूरचं. इथं उतरणारी विमानं ५० ते ७८ सीटांची, एकेका मार्गावर बहुतेक एकच कंपनी, दिवसाला एखादी फेरी. भांडायचं कुणाशी? १९३९ पासनं विमानतळ आहे राव आपल्याकडं, राजाराम महाराजांनी बांधलेला, २०२४ ला नवीन टर्मिनलही झालं, पण टर्मिनल कितीही देखणं केलं तरी दुसरी कंपनी आल्याशिवाय दर पडत नाहीत. उलट इथं छोटी गावं विमानानं जोडायच्या सरकारच्या उडान योजनेचा फायदा झाला, कोल्हापूर पहिल्या फेरीतच होतं. त्यात साधारण निम्म्या सीटांना दराची मर्यादा असते, सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार होती, आणि सरकार कंपनीला तीन वर्षं भरपाई देतं. त्या सीटा पहिल्यांदा संपतात. तेव्हा कोल्हापुरातनं जायचं असेल तर सेलची वाट बघत बसू नका, तारीख ठरली की काढून मोकळं व्हा, थांबलात तर दर चढणारच.

सेल हवा असेल तर भांडण आहे तिथं जायचं. आपल्याला तीन दारं आहेत. बेळगाव जवळ, शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण तिथंही कंपन्या थोड्याच. गोव्याचं मोपा, २०२३ पासनं सुरू झालंय, आंबोलीवरनं साडेतीन-चार तास धरा, आणि गोव्याला आता दोन विमानतळ म्हटल्यावर दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद सगळीकडं कंपन्यांची चढाओढ. पावसाळ्यात तर गोव्याची विमानं भरायची मारामार असते, तेव्हा दर फारच खाली येतात. (पावसात आंबोलीचा घाट आणि धुकं, ते तुमचं तुम्ही बघा.) तिसरं पुणे, लोहगाव, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, पर्याय सगळ्यात जास्त, पण हायवेच्या कामांमुळं किती तास लागतील हे देवाला माहीत.

मी स्वतः इथंच तोंडावर पडलोय. भाच्याच्या इंटरव्ह्यूसाठी पुणे-दिल्ली सेलचं तिकीट काढलं, कोल्हापूरपेक्षा अडीच हजार वाचले म्हणून ग्रुपवर मिरवून घेतलं. विमान पहाटे पावणेसहाचं. म्हणजे रात्रीच निघायचं, त्या वेळची एसटी मनासारखी नाही, शेवटी गाडी केली, ती परत रिकामी येणार म्हणून दोन्हीकडचं भाडं, वर टोल, वाटेत चहा-वडा. सगळं धरून कोल्हापुरातनं गेला असता तर स्वस्त पडला असता आणि रात्रभर जागून इंटरव्ह्यूला गेला नसता. बहीण अजून बोलते. तेव्हा हिशोब दारापासनं दारापर्यंत करा. एकट्यासाठी गाडी करून पुणे कधीच परवडत नाही, चौघंजण असाल तर परवडतंय, आणि दुपारचं विमान मिळालं तर एसटीनं निवांत जाता येतं.

सेल दिसला की काय करायचं ते सांगतो. जाहिरातीतला आकडा विसरा, पैसे भरायच्या शेवटच्या पानापर्यंत जा, तिथं जीएसटी, विमानतळाची फी, कन्व्हिनियन्स फी सगळं लागून खरा आकडा येतो. त्या मार्गाचा नेहमीचा दर काय असतो हे आधी आठवडाभर बघून लिहून ठेवलेलं असेल तर सेल खरा का नुसता बोर्ड हे लगेच कळतंय. प्रवासाच्या तारखा वाचा, सेल बहुतेक फेब्रुवारी-मार्च किंवा जुलै ते सप्टेंबरच्या मंद दिवसांसाठी असतो, मे महिना, गणपती, दिवाळी बरोबर वगळलेली असतात. मंगळवार-बुधवार बघा, शुक्रवार-रविवारी खालचा टप्पा फार कमी उघडतात. एका कंपनीचा सेल आला की दुसरीचा दरही त्याच दिवशी बघा, निम्म्या वेळा तिनंही गुपचूप तेवढाच केलेला असतो आणि वेळ बरी असते. पाच तिकिटं एकदम शोधू नका, खालच्या टप्प्यात तीनच सीटा उरल्या असतील तर पाचही तिकिटं वरच्या दरानं दाखवतंय, एकेक करून बघा.

रद्द करावं लागलं तर नॉन रिफंडेबल आहे म्हणून सोडून देऊ नका. मूळ भाडं जातं, पण सरकारी कर आणि विमानतळाची फी परत द्यावीच लागते, डीजीसीएचा तसा नियमच आहे. सेलच्या तिकिटात कधीकधी हाच भाग मोठा असतो.

आणि बॅग. देशातल्या प्रवासात साधारण १५ किलो खाली आणि ७ किलो हातात, त्याच्यावर किलोमागं पैसे, आणि कंपनी सेलमध्ये सोडलेलं तिथंच भरून काढते. आपलं कसं, दिल्लीला निघालं की पाच किलो गूळ, दोन जोड चपला, चटणीचा डबा, वरनं "एवढं तिला दे" म्हणून शेजारची पिशवी. काउंटरवर बॅग उघडून अंगावर दोन स्वेटर चढवण्यापेक्षा घरनं निघतानाच वजन करा. आमच्या कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडं ताणकाटा आहे, मी तोच वापरतो, तो पैसे पण घेत नाही.