डब्लिनला येताय? आधी करांचं गणित समजून घ्या

पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "आयर्लंडमध्ये टॅक्स कमी ना?" कमी आहे, पण तो तुमच्या कंपनीला. 2003 पासून कंपन्यांच्या व्यापारी नफ्यावर 12.5 टक्के कर आहे. तुमच्या पगाराला मात्र 2025 मध्ये, एकटे असाल तर, 44,000 युरोपर्यंत 20 टक्के आणि त्यावर थेट 40. शिवाय यूएससी (उत्पन्नावरचा जादा कर) आणि पीआरएसआय (सामाजिक विम्याचा हप्ता) वेगळे. तेव्हा वर्षाच्या आकड्यावर हुरळू नका, महिन्याला हातात किती पडतील ते काढा.

आल्या आल्या पीपीएस नंबरसाठी, म्हणजे कर आणि सरकारी कामांसाठी लागणाऱ्या ओळख क्रमांकासाठी, अर्ज करा. तो मिळाला की ऑफिसला कळवा आणि रेव्हेन्यूच्या, म्हणजे इथल्या कर खात्याच्या, साइटवर नोकरी नोंदवा. मी आळस केला. पहिल्या पगारपत्रकात सगळ्या रकमेवर 40 टक्के कापलेले, सवलतीच्या रकान्यात शून्य. याला इथे इमर्जन्सी टॅक्स म्हणतात. पैसे नंतर परत मिळाले, पण घराचं डिपॉझिट त्याच महिन्यात भरायचं होतं, ते मित्राकडून उसने घेऊन भरलं.

घर हेच इथलं खरं दुखणं. डब्लिनच्या रॅथमाइन्स भागात एका खोलीसाठी पावसात जिन्यापर्यंत रांग होती, प्रत्येकाच्या हातात पगारपत्रक आणि आधीच्या घरमालकाचं पत्र. कमी करामुळे कंपन्या आल्या, पाठोपाठ माणसं आली; 2008 च्या मंदीनंतर ठप्प झालेलं बांधकाम काही त्या वेगाने उभं राहिलं नाही.

इथल्या जीडीपीवरून देशाची श्रीमंती मोजू नका. 2015 मध्ये तो 26 टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं, कारण मोठ्या कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता इकडे आणली. लोकांचे पगार तसे वाढले नव्हते. ॲपलकडून कमी भरलेल्या करापोटी 13 अब्ज युरो वसूल करा असं युरोपियन कमिशनने 2016 मध्ये सांगितलं, तेव्हा ते पैसे नकोत म्हणून आयर्लंडचं सरकारच कोर्टात गेलं! 2024 मध्ये ते हरलं. कंपन्या दुरावतील ही भीती इथे इतकी खोल आहे, आणि ती मला समजते: कंपनी कराचा निम्म्याहून जास्त पैसा जेमतेम दहा कंपन्यांकडून येतो.

2024 पासून 75 कोटी युरोंहून मोठी उलाढाल असलेल्या समूहांना किमान 15 टक्के कर आहे. तेवढ्याने कंपन्या उठून जातील असं मला वाटत नाही. पण आपलं कामाचं पर्मिट नोकरीला बांधलेलं असतं, म्हणून गाडी घेण्याआधी सहा महिन्यांचं भाडं बाजूला काढून ठेवा.