बारा महिने गाडीवर असणाऱ्यांचे बँक व्यवहार: या चुका टाळा

सोलापूरचा ट्रकवाला घरी येतो तो बहुतेक रविवारी, नाहीतर रात्री उशिरा. तेव्हा शाखा बंद. दुसरा आणि चौथा शनिवारही सुट्टीत गेला. त्यामुळं शाखेत जाऊनच होणारं काम पुढच्या फेरीवर ढकललं जातं, आणि ते नडतं कुठं, तर उमरग्याच्या पुढं तलमोडच्या टोलवर किंवा जहीराबादच्या पंपावर. स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्यांना डोळ्यांपुढं ठेवून हे लिहिलं आहे. पगारी चालकांनाही यातलं बरंच लागू पडतं.

बँकेला जोडलेलं सिम वाऱ्यावर सोडणं

बाकीच्या निम्म्या अडचणींचं मूळ हेच. फोनमध्ये दोन सिम असतात. खात्याला जोडलेलं सिम जुनं, आणि नेट चालतं ते दुसऱ्यावर. मग जुन्याचा रिचार्ज राहून जातो. आधी आउटगोइंग बंद, मग इनकमिंग बंद, आणि सलग ९० दिवस काहीच वापर नसेल तर नंबर कायमचा जाऊ शकतो. काही काळानं कंपनी तो दुसऱ्या कोणाला तरी देते. एप्रिल २०२५ पासून बंद पडलेल्या आणि दुसऱ्याला दिलेल्या नंबरांची यादी बँकांना दर आठवड्याला तपासावी लागते आणि असे नंबर यूपीआयमधून काढावे लागतात. म्हणजे खात्यात पैसे असूनही ॲप उघडत नाही, आणि कारण फोनवर दिसतही नाही.

‘व्हेरिफिकेशन फेल्ड’ असं आलं की लोक ॲपला शिव्या देतात. ॲप खात्याला जोडताना फोनमधून बँकेकडं एक साधा एसएमएस जातो. इंटरनेटचा मेसेज तिथं चालत नाही. तो एसएमएस चुकीच्या सिमवरून गेला, रिचार्जमध्ये एसएमएसची सोयच नसली किंवा त्या सिमला रेंज नसली, तर नोंदणी होत नाही. बँकेचं सिम पहिल्या स्लॉटला टाका, एसएमएस पाठवायचं सिम तेच निवडा, आणि ढाब्यावर एका जागी उभं राहून नोंदणी करा. चालत्या गाडीत मध्येच रेंज गेली की पहिल्यापासून सगळं.

सिम कोणाच्या नावावर आहे तेही बघा. कित्येकांचं भावाच्या, मेहुण्याच्या नाहीतर जुन्या शेठच्या नावावर असतं. फोन चोरीला गेला की डुप्लिकेट सिमसाठी मूळ माणूस आधार घेऊन हजर लागतो. परराज्यातल्या गॅलरीत तर स्वतःच्या नावाचं सिम मिळवतानाही अडचण येऊ शकते.

फोन हरवला की मिळेल त्याच्या फोनवरून आधी सिम कंपनीला सांगून सिम बंद करा, मग बँकेच्या हेल्पलाइनला सांगून यूपीआय आणि कार्ड. दोन्ही हेल्पलाइन नंबर कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा, हरवलेल्या फोनमध्ये सेव्ह केलेले काय कामाचे? नवं सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणून ओटीपी येत नाही. त्यानंतर नव्या फोनवर यूपीआय जोडलं, की आणखी २४ तास मर्यादा फक्त ५,००० रुपये. आता हिशोब करा. हैदराबादहून सोलापूर तीनशे किलोमीटर. चारचं ॲव्हरेज धरलं तर ७५ लिटर डिझेल, लिटरला ९० रुपये धरले तरी ६,७५० रुपये. म्हणजे फोन परत चालू होऊनही घरी पोचण्यापुरतं डिझेल यूपीआयवर मिळत नाही. म्हणून एका परतीच्या डिझेलइतकी रोकड आणि दुसऱ्या बँकेचं डेबिट कार्ड, दोन्ही पाकिटापासून वेगळ्या जागी हवंच.

यूपीआयचा पिन नव्यानं लावायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख लागते, नाहीतर आधारचा ओटीपी. आधारला अजून जुनाच नंबर असेल तर दुसरी वाट बंद. तो बदलायचं काम घरी असतानाच उरका. सिमलाही पिन लावता येतो. चोरानं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी ओटीपी वाचता येत नाही. फक्त पिन तीनदा चुकला की सिम लॉक होतं आणि कंपनीकडून पीयूके कोड घ्यावा लागतो, हे ध्यानात ठेवूनच लावा.

भाडं, डिझेल, हप्ता, घरखर्च, सगळं एकाच खात्यात

समजा मार्केट यार्डातून कांदा भरला, भाडं २५,००० ठरलं, २०,००० ॲडव्हान्स आला. हे पैसे डिझेल, टोल आणि वाराईचे, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या हमालीचे, आहेत. उरलेले ५,००० माल खाली करून सही-शिक्क्याची बिल्टी (मालाची वाहतूक-पावती) पोचल्यावर येणार. पण खातं एकच असलं की २०,००० चा आकडा मोठा वाटतो, घरून फोन येतो, त्यातले आठ हजार तिकडं जातात, आणि पाच तारखेला गाडीचा हप्ता बाउन्स होतो.

हप्ता बाउन्स झाला की बँक वेगळा दंड लावते, फायनान्स कंपनी वेगळा, वर जीएसटी. सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडतं ते निराळंच. शिवाय चेक परत गेल्यावर जशी फौजदारी होऊ शकते, तशीच पैसे नसल्यामुळं ऑटो-डेबिट परत गेल्यावरही होऊ शकते. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा २००७ च्या कलम २५ मध्ये तशी तरतूद आहे. ‘पाच तारखेला रविवार आहे, सोमवारी भरू’ हा हिशोबही आता चालत नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून हप्ते कापणारी नॅच यंत्रणा सुट्टीच्या दिवशीही चालू असते. पैसे आदल्या संध्याकाळी खात्यात हवेत. तारीख भाड्याच्या चक्राशी जुळत नसेल तर फायनान्स कंपनीला लेखी अर्ज देऊन बदलून मागा.

आमचा सल्ला सरळ आहे. भाडं एका खात्यात घ्या. प्रत्येक फेरीचा हिशोब झाला की हप्त्याचा वाटा दुसऱ्या खात्यात टाका आणि त्या खात्याला यूपीआय जोडूच नका. हात पोचला नाही की पैसे राहतात.

ही दोन खाती दोन वेगळ्या बँकांत असावीत. सोलापुरात घरच्या ओळखीची सहकारी बँक असते आणि तिच्यात खातं ठेवायला हरकत नाही, पण सगळी पुंजी तिथंच नको. सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध आणले तेव्हा खातेदाराला काढता येणारी रक्कम होती १,००० रुपये. सप्टेंबर २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला. ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, मुद्दल आणि व्याज धरून. पण ते पैसे हातात यायला महिने जातात, आणि गाडीला डिझेल आज लागतं. दुसरं खातं तुमच्या नेहमीच्या लाइनवर, म्हणजे हुमनाबाद, विजयपूर, पुणे अशा ठिकाणी शाखा असलेल्या बँकेत उघडा.

टोलच्या रांगेत फास्टॅग रिचार्ज

सावळेश्वरला रांगेत उभं राहून रिचार्ज मारायचा, पैसे कापले जातात, बूथवर मात्र टॅग ‘ब्लॅकलिस्ट’. रिचार्ज तुमच्या बाजूनं लगेच होतो, पण टॅगची बदललेली स्थिती टोलच्या यंत्रणेपर्यंत पोचायला वेळ लागतो. निघायच्या आदल्या रात्री शिल्लक बघा. सोलापूरहून पुण्याकडं सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस, आणि हैदराबादकडं महाराष्ट्राच्या हद्दीतच फुलवाडी, तलमोड. जाऊन-येऊन लागेल तेवढी रक्कम आधीच असू द्या, नाहीतर ऑटो-रिचार्ज लावा.

१५ नोव्हेंबर २०२५ पासून टॅग चालला नाही तर रोखीनं दुप्पट आणि यूपीआयनं सव्वापट टोल द्यावा लागतो. ४०० चा टोल असेल तर रोख ८००, यूपीआय ५००. तेव्हा नोट काढू नका, क्यूआर मागा.

जुनी गाडी घेतलेल्यांची वेगळीच कटकट असते. टॅग आधीच्या मालकाच्या नावावर आणि त्याच्याच मोबाइलवर. एका गाडीला एकच टॅग चालतो, म्हणून जुना बंद झाल्याशिवाय नवा नीट चालत नाही. आरसी नावावर झाली की त्याच आठवड्यात जुन्या मालकाकडून टॅग बंद करून घ्या. महामार्गाची हेल्पलाइन १०३३ आहे. गुगलवर ‘फास्टॅग कस्टमर केअर’ शोधून मिळालेल्या मोबाइल नंबरावर कधीही फोन करू नका.

एटीएम आणि अडकलेले पैसे

दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार फुकट, पण सहा महानगरांत तीनच, आणि हैदराबाद त्या सहांत आहे. नुसती शिल्लक बघितली तरी एक व्यवहार मोजला जातो. त्यापुढं प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत आणि वर कर. दोन-दोन हजार काढत बसण्यापेक्षा एकदाच काढा.

पैसे कापले पण नोटा आल्या नाहीत, तर बँकेनं पाच दिवसांत ते परत टाकायचे असतात. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, न मागता. यूपीआयनं एखाद्या व्यक्तीला पाठवलेले अडकले तर मुदत एक दिवसाची, दुकान किंवा पंपाला दिलेले अडकले तर पाच दिवसांची. पंपावर असं झालं की वाद घालण्यात वेळ जातो. ॲपमधला बारा अंकी यूटीआर नंबर दाखवा, बिलाचा फोटो घ्या, पंपाचा फोन नंबर घ्या, आणि कार्डानं पैसे देऊन निघा. पहिली रक्कम उशिरा पंपाच्या खात्यात पडली तर परत मागायला पुरावा राहतो. बँकेनं तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८.

चहा-नाश्त्याला यूपीआय लाइट बरं. पिन नाही, एका वेळी १,००० पर्यंत, त्यात जास्तीत जास्त ५,००० राहतात, आणि पासबुक दहा-वीस रुपयांच्या नोंदींनी भरत नाही. इंटरनेट नसलेल्या पट्ट्यासाठी *९९# डायल करून पैसे पाठवायची सोय आहे, मराठीतही चालतं, मर्यादा ५,०००. मात्र ते सगळ्या कंपन्यांच्या सिमवर चालत नाही. घरी असतानाच एकदा लावून बघा.

केवायसीचा मेसेज उद्यावर टाकणं

केवायसी, म्हणजे ओळख आणि पत्त्याची पडताळणी, ठरावीक वर्षांनी नवी करावी लागते. पत्ता बदलला नसेल तर बँकेच्या ॲपवर किंवा नोंदणीच्या मोबाइलवरून ‘काही बदल नाही’ एवढं कळवलं तरी बहुतेक ठिकाणी भागतं, आणि २०२५ पासून गावातल्या बँक मित्राकडंही (बँकेनं नेमलेल्या प्रतिनिधीकडं) हे काम होऊ शकतं. मेसेजमधल्या लिंकवर मात्र करायचं नाही. दोन वर्षं तुम्ही स्वतः एकही व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. ते चालू करायला बँक पैसे घेऊ शकत नाही, पण केवायसी द्यावीच लागते. पत्ता घराचाच द्या, ट्रान्सपोर्ट ऑफिसचा नको. नवं कार्ड तिथं येतं, कोणी घेत नाही, आणि परत जातं.

चलनाची फाइल आणि अनोळखी पैसे

व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल, येते. ती टाकली की फोनमधले ओटीपी परस्पर दुसरीकडं जातात. खरं चलन परिवहनच्या साइटवर गाडी नंबर टाकून दिसतं, कोणी फाइल पाठवत नाही. ‘लोड पक्का करायला गेटपासचे पैसे भरा’ म्हणणाराही त्याच जातीचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. तुमची चूक नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान तुमच्यावर येत नाही. पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

हल्ली जास्त त्रास उलट्या बाजूनं होतो. ढाब्यावर कोणी म्हणतं, ‘पाच हजार नगद द्या, मी फोनवर टाकतो.’ ते पैसे कुठल्यातरी फसवणुकीतले निघतात, दुसऱ्या राज्याचा सायबर सेल माग काढत येतो आणि तुमचं खातं गोठतं. नगद कोणालाही देऊ नका. खातं गोठलंच तर शाखेकडून तीन गोष्टी लेखी घ्या: तक्रार क्रमांक, पोलीस ठाणं आणि वादातली रक्कम. मग बिल्टी, ई-वे बिल आणि भाड्याची बोलणी झालेले मेसेज जोडून त्या ठाण्याला ईमेल करा. मागणी एवढीच करायची की वादातली रक्कम रोखा, अख्खं खातं नको. भाड्याचे पैसे बिल्टीवरच्या पार्टीच्या किंवा ट्रान्सपोर्टच्याच खात्यातून घेण्याची सवय इथं कामी येते.

घरी पिन सांगून ठेवणं

बायकोला किंवा क्लीनरला कार्ड आणि पिन देऊन ठेवतात. त्यापेक्षा यूपीआय सर्कल बरं. घरच्या माणसाला तुमच्या खात्यातून महिन्याला १५,००० पर्यंत, एका वेळी ५,००० पर्यंत खर्च करू देता येतं, मर्यादा तुम्ही ठरवायची. घरखर्चाचं खातं दोघांच्या नावे ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असं उघडा, म्हणजे एकाच्या सहीवर काम होतं. नॉमिनीची नोंदही बघा. नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चार जणांची नावं वाट्याच्या टक्क्यांसकट देता येतात. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर अजून आईचं किंवा वडिलांचंच नाव असतं. बदलायला एक फॉर्म पुरतो आणि कित्येक बँकांत तो ॲपवरूनही भरता येतो.